एक जूनच्या बायका

"ह्या त्रेपन्न बायका एकाच दिवशी जन्मल्या काय?"

भसीन साहेबांनी हे हिंदीत विचारलं आणि फायलींची चळत दोन्ही हातांनी उचलून पोतनीस साहेबांच्या पुढ्यात ठेवली. पोतनीस आमचे मॅनेजर. ते माझ्याकडे बघायला लागले आणि मी फायलींकडे. सगळ्यात वर हौसाबाई रेडेकर, जन्मतारीख एक जून एकोणीसशे पासष्ट. तिच्याखाली अनुसया, एक जून. तिच्याखाली फुलाबाई, एक जून. मला त्यात विचारण्यासारखं काहीच दिसेना. आमच्याकडच्या बाईनं एक जूनला जन्मायचं नाही तर कधी जन्मायचं?

हे दोन हजार बारा सालचं. आजरा तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात मी टाइम ऑफिसला होते. सत्याऐंशी बायका आणि अकरा पुरुष यांची हजेरी, रजा आणि प्रत्येकाची एक फाईल, एवढं माझं राज्य. आमचा काजू परदेशात जायचा. तिकडच्या मोठ्या दुकानवाल्यांना हा काजू लहान पोरांकडून फोडून घेतलेला नाही ना, याची खात्री लागायची. त्या खात्रीसाठी वर्षातून एकदा दिल्लीकडून ऑडिटवाले यायचे. त्या दिवशी सकाळी बायकांना नवे हातमोजे वाटले जायचे आणि संध्याकाळी मोजून परत घेतले जायचे. कामावर घेतलेल्या प्रत्येक माणसाचं वय, ओळख आणि पत्ता यांचा कागद फाईलला लावलेला पाहिजे, असा नियम होता. आजवरचे ऑडिटवाले कागद आहे की नाही तेवढंच बघून जेवायला उठायचे. भसीन हे कागद वाचणारे पहिले.

वाचले त्यांनी, पण कळले त्यांना नाहीत. त्यांनी एकेक दाखला काढून टेबलावर ओळीनं मांडला. शाळा सोडल्याचा दाखला, तळेवाडीची शाळा. त्रेपन्नांपैकी असे एकेचाळीस दाखले, एकाच शाळेचे, एकाच आठवड्यात दिलेले, एकाच निळ्या शाईत, एकाच वळणदार अक्षरात. खाली सही एकच. त्या सहीवर त्यांनी पेनाचं टोक दोनदा आपटलं आणि हा माणूस कोण म्हणून विचारलं. असे खोट्या कागदांचे कारखाने त्यांनी पुष्कळ बघितले होते म्हणे.

सही होती के. बा. सुतार, मुख्याध्यापक. केरबा बाळू सुतार. म्हणजे माझे आबा.

तिथल्या तिथे बोलायला हवं होतं, की साहेब, तो माझा बाप आहे आणि त्यानं आयुष्यात कुणाचा खडूसुद्धा घरी आणला नाही. मी बोलले नाही. पोतनिसांना माझं आडनाव माहीत होतं, पण सुतार काय गावोगावी असतात, तेव्हा त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

खरी गोष्ट साधी होती. पूर्वी आमच्याकडे लेकरू जन्मलं की तारीख कोण लिहून ठेवतंय? त्यातून मुलगी असली तर बघायलाच नको. आईला विचारलं तर ती सांगणार, रोपलावणीच्या दिवसांत झाली, नाहीतर धाकट्या दिराच्या लग्नाआधी झाली. शाळेत घालायला आणलं की गुरुजी त्या पोरीला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पुरी. शाळा उघडणार जूनमध्ये, म्हणून गुरुजी सहा वर्षं मागे जाऊन रजिस्टरात एक जून लिहायचे. कुठल्याही खेड्यात जाऊन विचारा, निम्मं गाव एक जूनचं निघेल. पंच्याण्णव साली कारखाना सुरू झाला आणि वयाचा दाखला आणा असं सांगितलं, तेव्हा तळेवाडीच्या बायका पदर खोचून शाळेपुढे रांगेत उभ्या राहिल्या. आबा तेव्हा तिथे मुख्याध्यापक होते. जुनं जनरल रजिस्टर पुढ्यात घेऊन त्यांनी आठवडाभर बसून एकेचाळीस दाखले एकहाती लिहिले. बायकांची नोकरी हुकू नये म्हणून रविवारीही शाळा उघडली.

पोतनिसांनी यातलं थोडं हिंदीत सांगून बघितलं. पण ते पुण्याचे, त्यांना कानाची गोष्ट मीच तेव्हा कानात सांगितलेली, आणि त्यांच्या हिंदीत ती आणखीच बनावट वाटायला लागली. भसीन हसले. मग त्यांनी आपल्या तक्त्यात लाल पेनानं लिहिलं. वयाचे कागद बनावट असण्याची दाट शक्यता. सात दिवसांत, म्हणजे ते मंगळवारी परत येतील तोवर, प्रत्येकीचा नवा, मान्य होईल असा पुरावा लावायचा, नाहीतर त्रेपन्न जणींना कामावरून कमी करायचं. दोन्ही झालं नाही तर कारखान्याचा माल बंद.

हे लिहिताना खिडकीतून त्यांना त्या बायका दिसत होत्या. जेवणाची सुट्टी झाली होती आणि हौसामावशी नळावर डबा धूत होती. डोक्याचे केस पांढरे, कमरेत वाकलेली, दोन नातवंडांची आजी. ती अठरा वर्षांची झाली आहे की नाही, हा त्या कागदांचा सगळा प्रश्न होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण भसीन साहेबांना आरसाच पाहिजे होता, तोही शिक्का मारलेला.

दुसऱ्या दिवशी पोतनिसांनी बायकांना तालुक्याला पिटाळलं, जन्माची नोंद मिळते का बघायला. दिवसाची मजुरी बुडवून बायका गेल्या आणि हातात एकेक चिठ्ठी घेऊन आल्या, "नोंद आढळून येत नाही." मग पोतनिसांनी त्यांच्या ओळखीचा एक एजंट गाठला. तो स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करून देणार, नोटरीचा शिक्का आणणार आणि सोबत डॉक्टरचा वयाचा दाखला जोडणार. बाईला बघायचीही गरज नाही. त्याला फक्त नावं आणि तारखा लिहून पाहिजे होत्या.

"शैला, यादी तू कर," पोतनीस म्हणाले. "साल तेच ठेव. दिवस आणि महिना बदल. एका महिन्यात चारपाचच्या वर नकोत, आणि एक जून एकीलाही नको."

अशा रीतीनं वयाच्या चोविसाव्या वर्षी मी त्रेपन्न बायकांचे जन्म ठरवायला बसले. कॅलेंडर भिंतीवरून काढून टेबलावर घेतलं. आधी मला त्यात गंमतच वाटली. बातमी फुटल्यावर बायका खिडकीशी यायला लागल्या. अनुसयाला नागपंचमीची पाहिजे होती, कारण त्या दिवशी माहेरी जायला मिळायचं. फुलाबाई म्हणाली, मला थंडीतली दे, उन्हाळ्यात कुणाच्या आईचे हाल नकोत. एकीनं नवऱ्याच्या आधीची मागितली, म्हणजे घरात वडीलपणा राहील. त्यावर काजूगराची साल काढणाऱ्या, सोलणीच्या सगळ्या बायका खो खो हसल्या. मीही हसले.

हसू दुसऱ्या कागदावर थांबायला हवं होतं. कारण प्रत्येकीनं तारखेबरोबर एका अर्जावरही सही करायची होती. तो पोतनिसांनी एजंटाकडूनच लिहून घेतला होता. "शाळेचा माझा दाखला खोटा असून तो मी अज्ञानाने सादर केला होता, तरी तो रद्द समजावा." चांगली खरी गोष्ट खोटी म्हणून लिहून द्यायची आणि धडधडीत खोटी खरी म्हणून लावायची, म्हणजे कागद नियमात बसणार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते दुसरं काय असतं? पण बहुतेक बायका वाचणं विसरल्या होत्या, ज्यांना येत होतं त्यांनी वाचलं नाही, आणि मला वाचता येत होतं तरी मी एकेकीपुढे पेन धरत गेले.

आणि त्रेपन्नावी मी होते.

मीही एक जूनची. माझी खरी तारीख मात्र घरात सगळ्यांना ठाऊक होती, एकोणीस जुलै. त्या दिवशी आई दर वर्षी शिरा करायची. मला शाळेत घालताना सहा वर्षांना दीड महिना कमी पडत होता आणि पोरीचं वर्ष वाया जाईल म्हणून आबांनी एक जून लिहिली होती. यादीत माझ्या नावापुढे मी एकोणीस जुलै लिहिलं आणि खालच्या अर्जावर सही केली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. आपली तारीख आपल्याला परत मिळाली असं वाटलं. त्या अर्जात आबांना खोटारडं म्हटलंय, हे मी डोळ्यांनी वाचलं आणि मनाला कळू दिलं नाही.

चौथ्या दिवशी बावन्न सह्या झाल्या होत्या. हौसामावशी राहिली होती. ती काजूचं टरफल फोडायच्या, फोडणीच्या विभागात पहिल्या दिवसापासून, सतरा वर्षं. नवरा धोंडिबा झाडावरून पडून नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेला. मुलगा वेगळा राहायचा. घर तिच्या एकटीवर चालायचं. मी पेन पुढे केलं तर तिनं अर्जावर बोट ठेवलं.

"हितं काय लिवलंय, वाच."

मी वाचलं. भरभर वाचलं, पण तिनं नेमका शब्द पकडला.

"खोटा म्हंजे? दाखला तर गुरुजींनी दिलाय."

"तसं नाही मावशी. नुसतं लिहून द्यायचं आहे. साहेबांच्या समाधानासाठी."

"दाखला खोटा म्हंजे गुरुजी खोटं. आसं नुसतं कसं लिवून द्यायचं?" मग माझ्याकडे बघून तिनं हळूच विचारलं, "तू केलीस?"

मी म्हटलं, सगळ्यांनी केली आहे. ती पदराखाली हात घेऊन परत फोडणीवर गेली.

पोतनिसांनी तिला बोलावून सांगितलं की सही नसेल तर मंगळवारपासून काम नाही. तिच्यामुळे बाकीच्यांवर गंडांतर येईल, हेही ऐकवलं. मग सोलणीच्या बायकाच तिच्यावर उलटल्या. एवढी कसली शिकून गेलीय, म्हणाल्या. गुरुजी काय तुझ्या घरी पोळ्या भाजायला येणार आहेत का, असंही एकीनं विचारलं. संध्याकाळी सुट्टी झाल्यावर घरी न जाता ती आमच्या दारात येऊन उभी राहिली.

मी पोचले तेव्हा ती निघून गेली होती आणि आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी मला एवढंच विचारलं की हौसा सांगत होती ते खरं का. मी भसीनबद्दल सांगितलं, एजंटाबद्दल सांगितलं, यादीही मी केल्याचं सांगितलं. माझ्या अर्जाचं सांगितलं नाही. आबा शांत माणूस. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी छडी उगारल्याचं कुणाला आठवत नाही. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज चढला.

"मला खोटा म्हणाले ते राहू दे. पण त्या बाईला सतरा वर्षांनी चोरासारखं लिहून द्यायला लावतात? कोण हे? ह्यांना कुणी अधिकार दिला? मी येतो मंगळवारी."

मी म्हटलं, नका येऊ. ते म्हणाले, रजिस्टर घेऊनच येतो.

मंगळवारी अकराला आबा आले. धुतलेला पांढरा लेंगा, शर्ट, टोपी, काखेत फडक्यात बांधलेलं जनरल रजिस्टर. ते त्यांनी शाळेतून आताच्या मुख्याध्यापकांना पोच लिहून देऊन आणलं होतं. केबिनमध्ये भसीन, पोतनीस आणि मी. हौसामावशीला दाराशी उभं केलं होतं, कारण तिच्या एकटीच्या फाईलवर लाल खूण होती. बाकीच्या बावन्न फायलींवर भसीन साहेबांनी सकाळीच हिरव्या टिका मारल्या होत्या. गोल शिक्के, डॉक्टरची सही, वेगवेगळ्या तारखा. काम फार छान झालं म्हणून त्यांनी पोतनिसांचं कौतुकही केलं.

आबांनी नमस्कार केला आणि मीच तो सुतार म्हणून सांगितलं. पोतनिसांनी एकदा माझ्याकडे, एकदा आबांकडे बघितलं आणि त्यांच्या ध्यानात आलं. आबांचं हिंदी परीक्षा देऊन शिकलेलं, शुद्ध आणि कडक. त्यांनी रजिस्टर उघडून एकेक नोंद दाखवली. कानाची रीत सांगितली. उठून स्वतःचा हात डोक्यावरून नेऊन दाखवला. मला ते बघवेना. सहासष्ट वर्षांचा माझा बाप एका परक्या माणसापुढे स्वतःचा कान धरून उभा होता.

भसीन वाईट माणूस नव्हते, हे मला आज कळतं. त्यांनी पानं उलटली, नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, म्हणजे जन्मतारीख माहीत नसताना तुम्ही लिहिलीत.

"होय. वय सहा पूर्ण हे डोळ्यांनी बघून लिहिलं. दिवस अंदाजाने लिहिला."

अंदाज म्हणजे खोटंच झालं, भसीन म्हणाले.

"साहेब, जिची तारीख तिच्या आईलाही ठाऊक नाही, तिची खरी तारीख तुम्ही कुठली धरणार? खोटं ठरवायला आधी खरं माहीत असायला लागतं. आणि तुमच्या ह्या नव्या कागदांतल्या तारखा कुणाला माहीत होत्या?"

पोतनिसांनी खोकून पाणी मागवलं. भसीन रजिस्टराचं पान परत बघायला लागले. मला वाटलं, जमलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलंसुद्धा. मग सहज विचारावं तसं विचारलं, की खरी तारीख माहीत असताना वेगळी लिहिली, असं तुमच्या हातून कधी एकदाही झालं नाही ना?

आबांना नाही म्हणता आलं असतं. त्या खोलीत ते माहीत असलेली मी एकटी होते आणि मी तोंड उघडणार नव्हते. एका शब्दाचं काम होतं.

"एकदा झालं," आबा म्हणाले.

"कुणाची?"

"माझ्या मुलीची. दीड महिना कमी पडत होता. ती चूक माझी आहे. ती एकच."

भसीननी पेनाचं टोपण परत काढलं. हे बघितल्यावर सगळं हातचं जातंय म्हणून पोतनीस घाईघाईनं बोलले. सर, ती चूक आम्ही दुरुस्त केली आहे, ही बघा मुलीची फाईल, तिनं स्वतः लिहून दिलं आहे. आणि त्यांनी माझी फाईल उघडून टेबलावर ठेवली, अर्ज वरच्या बाजूला करून. भसीननी ती वाचून आबांकडे सरकवली. तुमची मुलगीच म्हणतेय की शाळेचा दाखला खोटा होता, मग आता बोलायचं काय राहिलं?

आबांनी खिशातून चष्मा काढला. अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला. खाली माझी सही होती, शैलजा केरबा सुतार, तीन शब्दांत त्यांचंही नाव. ती त्यांनी बराच वेळ बघितली. मग कागद फाईलमध्ये सरळ करून ठेवला आणि चष्मा मिटला. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मला त्या क्षणी भसीनचा राग आला होता, पोतनिसांचा, त्या एजंटाचा आणि सगळ्या शिक्क्यांचा. पण सगळ्यात जास्त राग माझा मला आला.

भसीन घड्याळ बघून म्हणाले की त्यांना निघायचं आहे. त्या बाईची सही घ्या, नाहीतर तिचं नाव आजच कमी करून मला पत्र द्या. पोतनिसांनी हौसामावशीपुढे अर्ज ठेवला. ती जागची हलली नाही.

"हौसा," आबा म्हणाले, "सही कर."

"तुमी सांगतायसा?"

"मीच सांगतोय. धोंडिबाचं कोण बघणार आहे?"

"मग हितं लिवलंय त्ये खरं व्हय, गुरुजी?"

"नाही. तरी कर."

ती टेबलाजवळ आली. मी पेन पुढे केलं. तिनं ते घेतलं नाही.

"सही न्हाई देणार. अंगठा घ्या."

पोतनीस वैतागले. हौसामावशीला सही येते, हे साऱ्या कारखान्याला माहीत होतं. तिसरीतून शाळा सुटली, वाचणं विसरलं, पण आबांनी पाटीवर गिरवून घेतलेली दोन अक्षरं तिच्या हातात राहिली होती. सतरा वर्षं ती रोज सकाळी हजेरीच्या वहीत हौसा लिहायची, औकाराच्या दोन्ही मात्रा नीट काढून, आणि मागच्या बायकांना थांबायला लावायची.

"तुला सही येते ना? मग अंगठा कशाला?" पोतनिसांनी विचारलं.

"सही मला गुरुजींनी शिकिवलीया," ती म्हणाली. "त्यास्नी खोटं म्हणायला ती न्हाई वापरायची. आजपासनं मला सही येत न्हाई."

मी कपाटातून शाईचा पॅड काढला. अंगठा घेताना कारकुनानं बोट धरून दाबायचं असतं, म्हणून मी तिचा डावा अंगठा हातात घेतला, पॅडवर टेकवला आणि अर्जावर उमटवला. नुसता निळा डाग पडला. रेष एकही नव्हती. भसीन म्हणाले, नीट घ्या. मी पुसून परत घेतला, मग तिसऱ्यांदा. तिन्ही डाग सारखेच. काजूच्या टरफलातलं तेल कातडी खातं. हातमोजे ऑडिटपुरते. सतरा वर्षांत त्या तेलानं तिच्या बोटांवरच्या रेषा पार पुसून टाकल्या होत्या.

भसीननी तिचा अंगठा उजेडाकडे धरून बघितला आणि पोतनिसांना विचारलं की असं कशानं होतं. पोतनिसांनी सांगितलं. किती वर्षं काम केल्यावर होतं, हेही त्यांनी विचारलं. दहा-पंधरा तरी लागतात, पोतनीस म्हणाले. भसीनचं समाधान झालं. म्हणजे वय अठराच्या वर नक्कीच आहे, ते म्हणाले, आणि त्यांनी त्रेपन्नावी हिरवी टीक मारली.

आबांनी रजिस्टर फडक्यात बांधलं. पोतनिसांनी चहाचं विचारलं तर त्यांनी हात जोडले आणि चालत तळेवाडीला गेले, रजिस्टर परत द्यायला. त्या अर्जाबद्दल त्यांनी मला त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढे चार वर्षांनी ते गेले तोवर कधीच विचारलं नाही. जेवताना बोलायचे, माझ्या लग्नात धावपळ केली, सगळं नेहमीसारखं. एकदा कडाडून बोलले असते तर बरं झालं असतं.

हौसामावशीची नोकरी राहिली. मी तिथे आणखी तीन वर्षं होते. रोज सकाळी बायका हजेरीला रांगेत यायच्या, सह्या करून पुढे जायच्या, आणि हौसामावशी माझ्या टेबलापाशी येऊन डावा हात पुढे करायची. मी पॅड उघडायचे आणि तिचा अंगठा धरायचे.